रविवारच्या रॉकेट उड्डाणाबाबत सूचना

युवा गटातील सर्व सदस्यांना व पालकांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ७.३० वाजता डिचोलीजवळच्या आपल्या नेहमीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मॉडेल रॉकेटे उडविली जातील. दुपारी वारा वाढला की पॅराशूट थेट काजूच्या झाडांत जाते, म्हणून ११ पूर्वी काम आटोपावे लागेल.

१. रॉकेटच्या नळीत पॅराशूटखाली ज्वालारोधक कागद पुरेसा भरावा. तो कमी पडल्यास इंजिनाच्या गरम वायूने पॅराशूटचे प्लॅस्टिक वितळून घडीतच चिकटते.

२. बटण दाबूनही रॉकेट न उडाल्यास बटणाच्या पेटीतील सुरक्षा किल्ली काढावी आणि पूर्ण ६० सेकंद कोणीही जवळ जाऊ नये. यात कोणालाही सवलत नाही.

३. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट तिथेच सोडावे.

गवत वाळलेले असल्याने पालकांनी पाण्याने भरलेल्या बादल्या आणाव्यात, ही आग्रहाची विनंती.