गल्ला, थैली आणि लिफाफा

प्रिय दोस्ता,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीने तुला खजिनदार केल्याचं कळलं. अभिनंदन मागाहून. किराणा दुकान चालवणारा माणूस, हिशेबाला पक्का, म्हणून तुझं नाव पुढे आलं असणार. मला धास्ती तीच आहे. दुकानदाराला गल्ला एकट्याने मोजायची सवय असते, आणि मंडळीचा पैसा एकट्याने मोजायचा नसतो, मोजणारा कितीही सरळ असो.

ही ऑडिटरने काढलेली शक्कल नाही. बायबलमधल्या दुसऱ्या राजांचा बारावा अध्याय काढ. योवाश राजाच्या वेळची दानाची पेटी तिथे आहे, झाकणाला भोक पाडून वेदीजवळ ठेवलेली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत आणि थैल्यांत बांधत. एक राजवाड्याचा, एक मंदिराचा. प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी एकट्याने नेली नाही, कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून बरोबर माणसं घेतली (२ करिंथ ८:२०-२१). संशय आल्यावर दुसरा माणूस बसवला तर तो अपमान होतो. पहिल्याच रविवारपासून बसवला तर ती रीत होते.

उपासना संपून दानाच्या थैल्या वेस्ट्रीत, म्हणजे देवळालगतच्या खोलीत, आल्या की टेबलाशी तिघेच बसा: तू, मंडळीचा एक वडील (एल्डर) आणि कमिटीबाहेरचा एक सभासद. तिसरा दर महिन्याला बदल. एकाच घरातले दोघे नकोत. आधी लिफाफे वेगळे काढा आणि वर लिहिलेला आकडा आतल्या रकमेशी उघडतानाच ताडून बघा. वर पाचशे आणि आत चारशे असं निघालं, तर खरी रक्कम लिफाफ्यावरच लिहून दोघांनी सही करायची आणि लिफाफा ऑडिट होईपर्यंत टाकायचा नाही. मग सुटं दान. नोटा ५००, २००, १००, ५०, २०, १० अशा उतरत्या लावायच्या, नाणी वेगळी. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, तिसऱ्याने तक्त्यावर लिहायचं. तक्ता कार्बन घालून, एक प्रत तुझ्याकडे, एक चिटणीसांकडे. शंभर-सव्वाशे माणसांच्या मंडळीत हे वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं.

बिघडतं ते यानंतर. कुणीतरी दारातून डोकावून म्हणतं, "तबलेवाल्याचे पाचशे यातूनच देऊन टाका." दिले, की वहीत त्या रविवारचं दान पाचशेने कमी लागतं आणि खर्च कुठेच लागत नाही. वर्षअखेरीला तबलेवाला आठवत नाही, खड्डा तेवढा दिसतो. म्हणून आलेलं दान अख्खं बँकेत, सोमवारी. किरकोळ खर्चाला वेगळी पेटी ठेव, त्यात दोन हजार. त्यातून जाईल त्याचं व्हाउचर आणि घेणाऱ्याची सही. पेटी रिकामी झाली की व्हाउचरं लावून तेवढीच रक्कम चेकने काढायची, चेकवर दोन सह्या.

आता खास तुझ्यासारख्याचा मोह सांगतो. सोमवारी सकाळी गल्ल्यात सुट्टे नसतात, आणि मंडळीच्या थैलीत नाण्यांचा ढीग असतो. नाणी घेतली, त्या किमतीच्या नोटा ठेवल्या, कुणाचं काय गेलं? गेलं काहीच नाही. पण थैली तुझ्या दुकानात सुटली, हे समोरच्या माणसाने पाहिलं. नाणी हवीत तर रविवारी वेस्ट्रीतल्या टेबलावरच तिघांसमोर बदल आणि तक्त्यावर तशी ओळ लिही. दुकानात आली तर थैली बांधलेलीच आली पाहिजे.

क्यूआर कोडचंही तसंच. तो मंडळीच्या बँक खात्याचा हवा, तुझ्या मोबाईलचा नाही. आज घाईत माझाच लावतो, नंतर वळते करतो, असं अजिबात नको. स्कॅन केल्यावर पैसे देण्याआधी पडद्यावर नाव येतं, तिथे मंडळीऐवजी दुकानाचं नाव दिसलं की पुढचं स्पष्टीकरण कुणी ऐकत नाही.

अमेरिकेतला कुणाचा तरी मुलगा देवळाच्या छपरासाठी पैसे पाठवतो म्हणेल. पहिला प्रश्न पासपोर्टचा विचार. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परकीय दान धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो आपल्या आळीत वाढलेला असला तरी कायद्याने परकीय, आणि एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचा एक रुपयाही मंडळीच्या खात्यात घेता येत नाही. घरच्यांच्या खात्यावर मागवून मग मंडळीला द्या, असं सुचवणारा नक्की भेटेल. त्याला चहा पाज आणि नाही म्हण.

हंगामाच्या सणाला लोकांनी अर्पण आणलेल्या वस्तूंचा लिलाव ही तर खजिनदाराची परीक्षा. भोपळा, कोंबडी, ज्वारीचं पोतं, कुणी केलेला केक. भर सभेत चढाओढ लागते, चाळीसचा भोपळा आठशेला जातो, टाळ्या पडतात. घेणारा भोपळा काखेत मारतो आणि म्हणतो, पैसे पुढच्या रविवारी. डिसेंबर येतो, नाताळचा खर्च निघतो, उधारी तशीच. उपाय सोपा आहे. लिलाव पुकारणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा ठेव. वस्तू, नाव, बोली एका ओळीत लिहून शेजारी सही, आणि वस्तू हातात देण्याआधी पैसे किंवा मुदतीची तारीख. बाकी वसूल करायला तू जाऊ नकोस, कमिटीतल्या दुसऱ्या कुणाला पाठव. तू गेलास तर लोकांना कळत नाही की दुकानाची उधारी मागायला आलाय की देवळाची.

ही खरी अडचण. तुझ्याकडे आता दोन वह्या आहेत. एकीत कुणाचं किती थकलंय, दुसरीत कुणी लिफाफ्यात किती घातलं. दुकानात बाराशे थकवणारा माणूस रविवारी पाचशेचा लिफाफा टाकतो आणि तुझ्या मनात वाक्य तयार होतं. ते ओठांवर येऊ देऊ नकोस, बायकोजवळसुद्धा नाही. उलट बाजूही सांभाळ: मोठा लिफाफा देणाऱ्याला दुकानात जास्त उधार मिळायला लागलं तरी लोक ताडतात. तुझ्या जागी मी असतो तर मंडळीतल्या सगळ्यांना उधारीची एकच मर्यादा ठेवली असती, पाळकसाहेबांसकट.

तू दशांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्याबद्दल, विचारलंस. दुकानदार विक्रीवर काढायला गेला तर बुडेल. समज, महिन्याची विक्री चार लाख, खरेदी वजा जाता राहिले पन्नास हजार. भाडं, वीज, पोराचा पगार, किडलेला-सांडलेला माल मिळून बावीस गेले. हाती अठ्ठावीस हजार, त्याचे दोन हजार आठशे. विक्रीचा दशांश चाळीस हजार झाला असता, म्हणजे मिळकतीपेक्षा जास्त. मात्र भाडं म्हणजे दुकानाचं, घराचं नव्हे, आणि घरी खाल्लेली साखर खर्चात टाकायची नाही. पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगतो (१ करिंथ १६:२). तेच बरं. महिनाअखेरीला एकदम काढायला गेलं की एखादा व्यापारी नेमका त्याच दिवशी वसुलीला उभा असतो. आकडा वहिनींबरोबर बसून ठरव. घरात पोरांच्या फीची ओढाताण आणि देवळात तुझा ऐटदार लिफाफा, हे तिच्या माथी मारू नकोस.

दुकानाचं जास्त सांगत नाही, तुला कळतं. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (२५:१३) थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नको असं आहे, आता वजनांच्या जागी काटा आला एवढंच. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. पण वर्षातून एकदा शिक्का मारला म्हणून काटा रोज खरं बोलतो असं नाही. सकाळी उघडल्यावर शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेवून बघ, काट्याखालचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आहे का बघ, डोक्यावरचा पंखा चालू असताना हलका माल जोखू नकोस. पिशवी आधी ठेवून शून्य कर, मग साखर ओत. चार ग्रॅमची पिशवी दिवसाला दोनशे वेळा साखरेच्या भावात गेली तर आठशे ग्रॅम झाले. दोन वजनं थैलीत न ठेवताही तोच व्यवहार होतो. आणि पोराचा पगार ठरल्या तारखेला, गल्ल्यात कमी असले तरी. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं याकोब लिहितो (५:४), आणि ते श्रीमंतांना उद्देशून आहे म्हणून आपण सुटत नाही.

घरच्या प्रार्थनेची वेळ दुकान बंद झाल्यावरची ठेवू नकोस. साडेनऊला तू पेंगतोस आणि पोरं त्याहून. संध्याकाळी जेवणाआधी बारा मिनिटं पुरे: एक गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना. गीत तालावर म्हणता येईल असं घे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर भजन-कीर्तन मंडळीत रुजवलं, ते घरातही चालतं. टाळांची एक जोडी बस्स, ऑर्गनच्या चालीची गीतं रविवारसाठी राहू देत. वाचन पोरांकडे सोपव. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात कर, सोळाच अध्याय आहेत. राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरू करून रोज पंधरा वचनं वाचली की ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतं. भाषेला पोरं अडखळतात, तेव्हा थांबवून दुरुस्त करत बसू नकोस. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर करताना खेड्यातल्या बायकांना समजेल अशी साधी मराठी मुद्दाम धरली होती, तेव्हा अवघड शब्दाला घरातला शब्द सांगितलास तर पाप लागत नाही.

प्रवचन करू नकोस. आणि प्रार्थनेतून पोरांना झापू नकोस. "हे प्रभू, मोठ्याला मोबाईल खाली ठेवायची बुद्धी दे," असं म्हटलंस की मोठा एक डोळा उघडून तुझ्याकडे बघतो, आणि तुझाही एक उघडाच असतो. त्यापेक्षा एखाद्या दिवशी त्यांच्यासमोर तुझी स्वतःची एखादी चूक देवाला सांग, काट्याची का असेना.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना दोस्त

ता. क. पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस आता तुमच्याकडे आलाय म्हणे. अर्धा किलो काळे मनुके दोन लिटर पाण्यात शुक्रवारी रात्री भिजव, शनिवारी संध्याकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळ, कुस्कर, स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळ आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेव. शुक्रवारीच करून बाहेर ठेवलास तर उन्हाळ्यात रविवारपर्यंत फसफसतो. पेला दोन तृतीयांशच भरायचा, साधारण दहा मिलीलिटर, म्हणजे सव्वाशे जणांना सव्वा लिटर. काठोकाठ भरलेले पेले तबक पुढे सरकवताना हमखास सांडतात, आणि ते नेमके पांढऱ्या साडीवर.