दोष हॅचचा, वादळाचा नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या महासरोवरांतील जुन्या पोलादी मालवाहू जहाजांवर लेख छापलात, त्याबद्दल आभार. पण ‘व्हेलबॅक जहाजे (देवमाशासारख्या गोल पाठीची) वादळात टिकत नसल्याने मोडीत निघाली’ हा शोध कुणाचा? गोल पाठीवरून लाटा निथळून जाव्यात म्हणूनच तर अलेक्झांडर मॅकडूगल यांनी तो आकार काढला. घात केला हॅचने, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी डेकवर ठेवलेल्या तोंडांनी.

बाक असलेल्या डेकवर हॅचची तोंडे लहान. झाकणे म्हणजे बोल्टने आवळलेले पत्रे. खनिज भरताना फारसे अडत नसे, डॉकच्या कप्प्यांतून ते घसरणीने आपसूक खाली येई. रड होती ती उतरवताना. १८९९ पासून खनिज उपसणारी ह्युलेट यंत्रे आली. दहा टनांचा पंजा, आणि चालक त्या पंजाच्या वरच बसून जहाजाच्या पोटात उतरणार. अरुंद तोंडातून ये-जा करताना पंजा कडा ठेचायचा. कड वाकली की झाकण नीट बसत नाही, बोल्टची भोके जुळत नाहीत, पाणी आत शिरते. तोंड मोठे करावे तर डेकची ताकद जाते. मालक सरळ बाजूंच्या जहाजांकडे वळले, त्यात नवल काय?

‘थॉमस विल्सन’ या व्हेलबॅकला तर लेखकाने वादळबळी करून टाकले आहे! ७ जून १९०२, डुलुथ बंदराबाहेर पाणी शांत. खनिज भरून निघालेल्या विल्सनच्या हॅचवर झाकणेच नव्हती. कोळसा घेऊन येणाऱ्या लाकडी ‘जॉर्ज हॅडली’ला टगने (जहाजे ओढणाऱ्या छोट्या बोटीने) शेजारच्या सुपीरियर बंदराकडे जायला सांगितले. हॅडली शिटी न देताच डावीकडे वळले आणि विल्सनच्या कुशीत घुसले. तीनेक मिनिटांत विल्सन तळाला, नऊ माणसे गेली. बंदर सोडण्याआधी हॅच बंद हवीत, हा नियम त्यानंतरचा.

लेखातला ‘खारी हवा’ हा उल्लेख वाचून तर हात टेकले. सरोवरे गोड्या पाण्याची आहेत हो! म्हणूनच १८९६ चे ‘फ्रँक रॉकफेलर’ हे व्हेलबॅक खनिज, वाळू, मोटारी आणि शेवटी तेल वाहत १९६९ पर्यंत राबले. ‘मीटिऑर’ या नावाने ते आज सुपीरियर गावी संग्रहालय म्हणून उभे आहे. शिल्लक राहिलेले एकमेव व्हेलबॅक.

जाता जाता : लेखासोबतचा फोटो मांडवीतल्या खनिजवाहू बार्जचा आहे. बार्ज देखणी आहे, पण ती पणजीची. पुढच्या रविवारी निदान फोटो तरी दुरुस्त करून छापावा.

– एक वाचक, रत्नागिरी