बनोसा स्थानक : बालमित्रास पत्र

अमरावती,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रास सप्रेम नमस्कार विनंती विशेष,

तुझे पत्र येऊन महिना होत आला. ‘शकुंतलेचे, म्हणजे मुर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या आपल्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचे, रूळ उपटून नेले म्हणतात, ते खरे का?’ असे तू विचारले होतेस. ऐकीव माहितीवर उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून भाऊबीज आटोपताच दर्यापूरला गेलो आणि तिथल्या बनोसा स्थानकात तासभर हिंडून आलो. रूळ आहेत. काही ठिकाणी ते काळ्या मातीत इतके रुतले आहेत की वेड्या बाभळीच्या काट्यांतून पाय टाकताना बुटाला ठेच लागावी तेव्हाच सापडतात. एका मोकळ्या जागी मी माझी लांब दांड्याची छत्री दोन रुळांवर आडवी ठेवून पाहिली, तर ती दोन्हीकडे टेकून वर थोडी उरली. अडीच फुटांचे ते अंतर लहानपणी केवढे मोठे वाटत असे! तोल सांभाळत आपण एकेका रुळावरून चालायचो आणि हात धरायचा झाला तर मध्येच वाकावे लागायचे.

ही लाइन माणसांसाठी घातलीच नव्हती, ही गोष्ट मला या वयात नीट उमगली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेचा मोठा मार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला, तेव्हा वऱ्हाडातला कापूस बंदरावर नेण्याची सोय झाली. खामगाव आणि अमरावती या मोठ्या बाजारपेठांना लवकरच जोडफाटेही मिळाले. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, तसेच दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा आणि यवतमाळ ही कापसाची गावे मात्र बाजूलाच राहिली. आपल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली काळी जमीन तुला सांगायला नको. अवकाळी पाऊस पडला की कापसाने भरलेली बंडी आसापर्यंत रुतते आणि चार बैलांनाही हलत नाही. ही अडचण ओळखून मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही अरुंद लाइन सुरू झाली. मुर्तिजापूर मध्यावर ठेवून एक फांदी अचलपूरला गेली, सुमारे 76 किलोमीटरची, आणि दुसरी यवतमाळला, 113 किलोमीटरची. कंपनीने रूळ घालायचे, गाड्या जी.आय.पी.ने चालवायच्या आणि उत्पन्न वाटून घ्यायचे, असा तो व्यवहार होता.

स्वातंत्र्यानंतर 1951 साली जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली, पण या लाइनीची मालकी कंपनीकडेच राहिली. ‘शकुंतला अजून इंग्रजांच्याच मालकीची आहे’ हे वाक्य आपल्या तालुक्यातला प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो. त्यात अर्धेच तथ्य आहे. करार इंग्रजी अमदानीतला होता हे खरे, पण किलिक निक्सन ही पेढीच पुढे भारतीयांच्या हाती गेली, हे कोणी सांगत नाही. मालक खाजगी आणि चालवणारे सरकार, अशा संसारात छपराची कौले कोणी बदलायची हा प्रश्न सुटणे अवघडच होते.

गाडीचे इंजिन 1921 साली मँचेस्टरमध्ये बांधलेले होते. ज्या गावच्या गिरण्यांसाठी आपल्याकडचा कापूस जाई, त्याच गावाहून ते आले आणि सत्तर वर्षे कोळसा खात राबले. 1994 च्या एप्रिलमध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. वेग मात्र तोच, ताशी वीसेक किलोमीटर. तिकिटे गार्ड देत असे, आणि गाडी हलल्यावर धावत जाऊन चढणाऱ्याला तो रागावतही नसे. ‘शकुंतला’ हे नाव रेल्वेच्या दप्तरातले नव्हे, लोकांनीच ठेवलेले. तसेच गाव दर्यापूर असले तरी स्थानकाचे नाव बनोसा. माझ्या थोरल्या मामांना हे कोणी सांगितले नव्हते. ते खिडकीतून दर्यापूरची पाटी शोधत थेट अंजनगावला जाऊन पोहोचले आणि परतीच्या गाडीची वाट न पाहता रागारागाने एका बंडीत बसून आले. मुलगी पाहायला निघालेले मामा रात्री नऊला पोहोचले, तेव्हा पोहे केव्हाच संपले होते.

ही गाडी तिच्या मंद चालीमुळे बंद पडली असे सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. खरे दुखणे मुर्तिजापूरच्या फलाटावर होते. आपले रूळ अडीच फुटांचे, मोठ्या मार्गाचे साडेपाच फुटांचे; त्यामुळे डबा जसाच्या तसा पुढे जाणे शक्यच नव्हते. बनोशाला चढवलेली कापसाची प्रत्येक गठाण मुर्तिजापूरला हमालांनी उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात पुन्हा चढवायची. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, आणि पावसात भिजण्याची धास्ती वेगळीच. डांबरी रस्ते होईपर्यंत व्यापाऱ्यांनी हे सोसले. मग ट्रक थेट जिनिंगच्या दारात उभा राहू लागला आणि ज्या कापसासाठी लाइन घातली तोच तिच्यावरून उतरला. मागे उरले ते स्वस्त तिकिटाचे प्रवासी, भाजीवाल्या बाया आणि आपल्यासारखी शाळकरी पोरे. आधी यवतमाळची फांदी थांबली, नंतर आपली. मोठ्या रुळांची मागणी अजूनही होते, आंदोलनेही होतात.

तुझ्या वडिलांची अडत होती, म्हणून एक विनंती करतो. तुम्ही पुण्याला गेलात तेव्हा त्यांच्या जुन्या वह्यांची पेटी सोबत नेली होती. तिच्यात बनोसा ते मुर्तिजापूर अशी एखादी रेल्वेची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, सापडली, तर ती रद्दीत जाऊ देऊ नकोस. त्या काळी एका गठाणीमागे भाडे किती आणि मुर्तिजापूरची हमाली किती पडत असे, हे मला शेजारी शेजारी मांडून पाहायचे आहे. संक्रांतीला येशील तेव्हा ती घेऊन ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र