तुमचा उन्हाळा कुठल्या गावचा?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : ३ जून

विषय : उन्हाळी लिमिटेड एडिशन संचातल्या वितळलेल्या लिपस्टिक, पाझरलेला परफ्यूम आणि न मागितलेलं ५०० रुपयांचं कूपन

महोदय / महोदया,

१२ मे रोजी मी तुमच्या संकेतस्थळावरून यंदाचा उन्हाळी संच मागवला. ३,४९९ रुपये आगाऊ भरले. ऑर्डर क्रमांक, पावती आणि नऊ फोटो सोबत जोडले आहेत. संचात ५० मिलिलिटरचा परफ्यूम, दोन लिपस्टिक (एक कोरल, एक कोकमाच्या रंगाची) आणि एक ब्रॉन्झर (गाल उन्हात रापल्यासारखे दिसावेत म्हणून लावायची पावडर) होता. 'होता' म्हणतेय, कारण यातल्या निम्म्या वस्तू मूळ आकारात माझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

मी नागपूरला राहते. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी तक्रार या एका वाक्यात आहे.

पार्सल १३ मे रोजी भिवंडीहून निघालं आणि १५ तारखेला आमच्या नागपूरजवळच्या वाडी गावातल्या गोदामात आलं, असं तुमचंच ट्रॅकिंग सांगतं. परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे तो विमानानं न पाठवता रस्त्यानं पाठवतात, हे मला माहीत आहे आणि मान्यही आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, गाडी आठ तासांत येते म्हणतात. पण पुढचे तीन दिवस तो खोका वाडीतच पडून होता. शेरा काय, तर 'पत्ता सापडला नाही'. याच पत्त्यावर गेली सहा वर्षं दर महिन्याला काही ना काही येतं, आमच्या घरचे त्यावरून मला बोलतातही. १८ मे रोजी दुपारी दोन वाजता खोका हातात आला. त्या वेळी शहरात पारा पंचेचाळीसच्या घरात होता आणि खोका एवढा गरम होता की मी तो आधी ओट्यावर ठेवला आणि हात झटकले.

कोरल लिपस्टिकचं झाकण काढलं तर आतली कांडी पार वाकली होती, अगदी उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी. कोकम रंगाची उभी होती, पण तिला घाम फुटला होता. हा शब्द माझा नाही, लिपस्टिकच्या धंद्यात असंच म्हणतात: उष्णतेनं आतलं तेल आणि मेण वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि तेलाचे थेंब वर येतात. एवढ्यावर मी तक्रार केली नसती. असे थेंब टिश्यूनं टिपून कित्येक लिपस्टिक मी वापरल्या आहेत.

पण कांडी वाकणं वेगळं. कांडीला उभं धरतं ते मेण. त्यातलं कार्नोबा मेण ८० अंशांच्या वर वितळतं, कॅन्डेलिला ७० च्या आसपास, मधमाशांचं मेण ६२-६४ ला. ट्रकमध्ये काय ५५ अंश झाले असतील? ६०? व्यवस्थित मेण घातलेली कांडी एवढ्यावर लवत नाही. खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी मी माझ्याकडच्या तीन जुन्या लिपस्टिक (तीन वेगळ्या कंपन्यांच्या, त्यातली एक बर्डीच्या बाजारातून १८० रुपयांना घेतलेली) तुमच्याच खोक्यात घालून दिवसभर गॅलरीत ठेवल्या. संध्याकाळी तिन्ही उभ्या. १८० वालीला तर थेंबही नव्हता. म्हणजे चकाकी यावी, ओठांवरून लोण्यासारखी फिरावी म्हणून तुम्ही तेल सढळ हातानं घातलंत आणि मेणात हात आखडला. वातानुकूलित दुकानात ती छानच वाटत असणार. पण मग तिला उन्हाळी म्हणू नका.

आता तळाची चिठ्ठी. दोन्ही लिपस्टिकच्या बुडाशी उत्पादनाचा महिना गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीचा आहे. वापराची मुदत संपलेली नाही, त्यामुळे तो गुन्हा नाही. पण जाहिरातीत 'यंदाची नवीकोरी निर्मिती' असं लिहिलंय. खोका नवा, रिबन नवी, माल गेल्या सालचा. या लिपस्टिकनं तुमच्या गोदामात एक अख्खा उन्हाळा आधीच काढलाय! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या विधी विभागाला ठाऊक असतील.

परफ्यूमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरं तर मी संच त्याच्यासाठीच घेतला.

तुमच्या पानावर वर्णन होतं : कैरी, मोगरा आणि वाळा. चित्रात मुळांची जुडी. ते वाचून माझ्यासारखीनं काय करावं? लहानपणी आमच्या माठात वाळ्याची जुडी असायची आणि खिडकीला वाळ्याची ताटी. दुपारी तिच्यावर पाणी मारलं की घरभर जो वास यायचा, तोच माझ्यासाठी मे महिना. जगातल्या अत्तरवाल्यांनी त्याला 'व्हेटिव्हर' म्हटलं, तो शब्दही तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेलेला. गेर्लां या फ्रेंच कंपनीनं १९५९ मध्ये त्याच नावाचा परफ्यूम काढला, तो अजून विकला जातो. कैरीचं म्हणाल तर एर्मेस या फ्रेंच कंपनीचे अत्तरकार झाँ-क्लोद एलेना यांनी २००५ मध्ये नाईलकाठच्या बागेवरचा एक परफ्यूम केला. आस्वानला त्यांना हिरव्या कैऱ्यांचा वास भेटला आणि त्यावरून तो बांधला. आपल्या कैरीचं परफ्यूम फ्रान्समध्ये झालं, आता आपलं कुणी करतंय, या आनंदात मी 'कार्टमध्ये टाका' दाबलं. (पन्हं पीत असतानाच दाबलं, हेही कबूल करते.)

बाटली हातात घेतली तेव्हा खोक्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर पिवळट डाग होता आणि आतला परफ्यूम बाटलीच्या खांद्याच्या खाली उतरलेला होता. पंपाच्या कड्याला बोट लावलं तर ओलं. कडं नीट आवळलेलं नाही. उष्णतेनं आत दाब वाढला की अशी बाटली पाझरणारच. जाहिरातीतला फिकट हिरवा रंग माझ्या बाटलीत चहाच्या पाण्यासारखा झाला होता.

तरीही मी मनगटावर उडवला. आणि पहिली पाच मिनिटं, खोटं का बोलू, सुरेख होती. कैरी कापल्यावर देठाजवळ जो चीक येतो, त्याचा तो तिखट-आंबट वास तुमच्या अत्तरकारानं अचूक पकडलाय. त्याला माझा नमस्कार कळवा. त्यानंतर मोगरा आला, तो मात्र फरशी पुसायच्या फिनेलच्या बाजूचा. आणि चाळिसाव्या मिनिटाला मनगटावर काही नव्हतं. वाळा तर आलाच नाही.

'उन्हाळ्यात वास लवकर उडतो' हे उत्तर कृपया देऊ नका. लिंबूवर्गी रेणू हलके असतात, उन्हात ते भराभर जातात, हे मला कळतं. १७०९ पासून कलोन शहरात बनणारं कलोनही म्हणूनच दिवसातून चारदा लावायचं असतं. पण वाळा हा तळाचा वास आहे. तो जड, तो सगळ्यात शेवटी जातो. इतवारीतल्या अत्तरवाल्याकडच्या रूह खसचं, म्हणजे वाळ्याच्या अत्तराचं, एक बोट मी सकाळी कापसाला लावते, तो फाया रात्री कपाटात ठेवताना दरवळत असतो. पंचेचाळीस अंशांतही. तुमच्या जाहिरातीत 'बारा तास' लिहिलंय. बारा तास कुठे मोजले? खोक्यावर तर हा ओ द तॉयलेत आहे की ओ द परफ्यूम, एवढंही लिहिलेलं नाही. पहिल्यात सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्के असतं, दुसऱ्यात १५ ते २०. आम्ही नेमके कशाचे पैसे भरले, ते एकदा कळवा.

एक प्रश्न मी १९ मे रोजी चॅटवर विचारला होता. घटकांच्या यादीत बर्गामोट या लिंबूवर्गी फळाचं तेल आहे. त्या तेलातल्या बर्गाप्टेन या द्रव्यामुळे, मानेवर लावून उन्हात गेलं की काहींच्या त्वचेवर काळपट पट्टे उठतात. त्वचारोगतज्ज्ञ त्याला बर्लोक डर्मटायटिस म्हणतात. चांगल्या कंपन्या बर्गाप्टेन काढून घेतलेलं तेल वापरतात. तुमचं कोणतं आहे, एवढंच विचारलं. उत्तर आलं : 'मॅम, काळजी करू नका, आमची सर्व उत्पादनं १००% नैसर्गिक आहेत.' अहो, नैसर्गिक आहे म्हणूनच विचारतेय! जो सुगंध तुम्ही उन्हाळ्यासाठी म्हणून विकता, त्याच्याबद्दल हा प्रश्न पहिला यायला हवा. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ब्रॉन्झर शाबूत आला, त्याबद्दल आभार. त्याची तक्रार वेगळी. १९८४ मध्ये गेर्लांनं टेराकोटा पावडर काढली तेव्हा ती कुणासाठी होती, हे समजण्यासारखं आहे. सहा महिने ढगाखाली काढलेल्या गोऱ्या माणसाला सुट्टीवरून आल्यासारखं दिसायचं असतं. नागपुरात दुपारी स्कूटीवर वर्धमाननगर ते धरमपेठ जाऊन या, तेच फुकट मिळतं. आम्ही रापू नये म्हणून डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतो. दुपट्टा सोडला की निम्मा ब्रॉन्झर दुपट्ट्याला. आणि तीनच छटा, त्यातली सर्वांत गडद माझ्या गालावर राखेसारखी दिसते. तुमच्या पोस्टरवरची मुलगी समुद्रकिनारी आडवी पडली आहे. आमचा समुद्रकिनारा म्हणजे फुटाळा तलाव, आणि तिथे मे महिन्यात दुपारी कुणी आडवं पडलं तर लोक ॲम्ब्युलन्स बोलावतील.

मुद्दा असा की हा उन्हाळा कुठून तरी उचलून आणलाय. आपल्याकडे होळी झाली की उन्हाळा सुरू होतो. तुमचा संच १ मे ला आला. विदर्भात त्याचा उपयोग फार तर महिनाभर, मग पाऊस. शिवाय मुंबईचा उन्हाळा चिकचिकाटाचा, तिथे फाउंडेशन घसरतं; आमचा भट्टीचा, इथे घाम येता येताच वाळतो आणि फाउंडेशन तडकतं. नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) तर आम्ही ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन फिरणारी माणसं. इथे टिकणारी टिंट, न पसरणारं काजळ, पांढरा थर न दिसणारं सनस्क्रीन, एवढं केलंत तरी बायका रांग लावतील. लग्नसराई भर मे महिन्यात असते हो आमच्याकडे. २४ तारखेला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, कोरल लिपस्टिक तिच्या संगीतासाठीच घेतली होती. शेवटी ती १८० वालीच लावली. फोटोत छान आली आहे.

आता तुमच्या उत्तराकडे येते. तक्रार मी १८ मे रोजी संध्याकाळी केली. पोच २२ तारखेला आली. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ती ४८ तासांत यायला हवी होती. तुमच्या पोचेत लिहिलं होतं की (एक) 'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही सूचना मी पाळली नसावी, (दोन) सौंदर्यप्रसाधनं परत घेतली जात नाहीत, (तीन) लिमिटेड एडिशन संपल्यामुळे बदली वस्तू नाही, आणि (चार) सदिच्छा म्हणून पावसाळी संचावर ५०० रुपयांचं कूपन, मुदत पंधरा दिवस.

पहिल्याबद्दल : खोका उघडतानाचा व्हिडिओ सोबत आहे. माझ्या हातात येण्याआधी तो सहा दिवस तुमच्या आणि तुमच्या कुरियरच्या ताब्यात होता. थंड व कोरडी जागा तुम्ही शोधायची होती. दुसऱ्याबद्दल : वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. उघडलेली लिपस्टिक दुसऱ्याला विकता येत नाही हे मलाही कळतं. ती विकायला नाही, बघायला परत न्या. तिसऱ्याबद्दल काही म्हणणं नाही, मला बदली नकोच आहे. आणि कूपन. पावसाळी संचात काय आहे ते पाहिलं. मातीच्या वासाचा परफ्यूम आहे. कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत (तांब्याच्या हंड्यात) घालून, भपक्यात (वाफ धरणाऱ्या भांड्यात) चंदनाच्या तेलावर जे मिट्टी अत्तर उतरवतात, ते मी वापरलेलं आहे. वाळ्याचा अनुभव घेतल्यावर तुमच्या मातीसाठी आणखी पैसे घालायची माझी तयारी नाही.

मला हवंय ते असं. पूर्ण ३,४९९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत, कूपन किंवा वॉलेटमध्ये नव्हे. बर्गामोटच्या प्रश्नाचं लेखी उत्तर, तुमच्या प्रयोगशाळेकडून, चॅटवाल्या मुलीकडून नाही. तिचा यात दोष नाही, तिला जे दिलं ते तिनं चिकटवलं. आणि पुढच्या वर्षी संकेतस्थळावर उत्पादनाचा महिना आधीच दिसू द्या.

तक्रार निवारणाची एक महिन्याची मुदत १८ जूनला संपते. १९ तारखेला मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन, आणि त्यानंही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तारखेला तुम्हालाच नागपूरला यावं लागेल.

संच बांधून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा दुपारी बारा ते चार सोडून पाठवा. आला की त्याला माठातलं पाणी देईन, वाळा घातलेलं.

आपली,
नागपूरची एक जुनी ग्राहक
(नाव व पत्ता ऑर्डरवर आहे)

सोबत : पावती, नऊ फोटो, खोका उघडतानाचा व्हिडिओ, चॅटची नक्कल