पुलाजवळचे आकडे आणि मनाची पातळी

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी, कोयनेतील साठा आणि धरणातून होणारा विसर्ग यांचे आकडे आपल्या दैनिकात रोज छापून येतात, आणि सांगलीच्या गावभागात राहणारी आमच्यासारखी माणसे सकाळी चहाच्याही आधी ते वाचतात. त्या आकड्यांबद्दल मी आपली ऋणी आहे. आजचे पत्र मात्र ज्याची पातळी कोणीच मोजत नाही अशा गोष्टीविषयी आहे. पुराच्या दिवसांत माणसाच्या मनात काय चालते आणि ते त्याचे त्याला वेळीच कसे उमगावे, हा माझ्या पत्राचा विषय आहे.

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतील शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हाची खूण आमच्या भिंतीवर होती आणि पाणी यापुढे त्या खुणेवर चढणार नाही अशी घरातल्या सर्वांची जणू खात्रीच झाली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. आम्ही विश्रामबागेतील नातेवाइकांकडे आश्रयाला गेलो, पण माझे पती घर सोडायला तयार झाले नाहीत आणि वरच्या मजल्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन लागेनासा झाला. त्याच संध्याकाळी, रेशनकार्ड आणि घराची कागदपत्रे खालच्या कपाटात राहिली म्हणून मी माझ्या सुनेला चारचौघांत इतके कठोर बोलले की आजही ते आठवले तरी जीव कासावीस होतो. मी ३० वर्षे शाळेत शिकवले आहे, रागीट मुलांना जवळ घेऊन शांत केले आहे, आणि आपल्याला आपले मन कळते असे मी समजून चालले होते. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसताना माझ्या ध्यानात आले की त्या संध्याकाळी मला राग आलाच नव्हता. मला पतींच्या जिवाची भीती वाटत होती; ती बोलून दाखवण्याचे धैर्य नव्हते, म्हणून ती सर्वांत जवळच्या माणसावर रागाच्या रूपाने कोसळली.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले तेव्हा मी शाळेची एक दोनशेपानी वही काढली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे वेळ आणि पुलाजवळची पातळी, उजवीकडे त्या वेळच्या माझ्या मनःस्थितीसाठी एकच शब्द. पहिल्या दिवशी मी सगळीकडे ‘ठीक’ असे लिहिले आणि ते खरे नव्हते. मग नेमका शब्द शोधावा लागला, आणि शोधायला लागल्यावर आपल्या भाषेने या बाबतीत केवढे भांडार भरून ठेवले आहे ते जाणवले. भीती, धास्ती, धडकी, धसका, घालमेल, हुरहूर, उद्वेग, सुन्नपणा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, परंतु यांपैकी कोणत्याही दोहोंचा अनुभव सारखा नाही. ‘काळजी’ हा शब्द तर मला फार मोलाचा वाटू लागला, कारण काळजी करताही येते आणि घेताही येते. कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे, शेजारच्या आजींची औषधे आठवणीने बरोबर ठेवणे, गॅसची टाकी वर चढवणे ही घेतलेली काळजी होय. धास्ती घेतली की मात्र हातून काहीच होत नाही, माणूस नुसता खिडकीशी उभा राहतो. वहीत ‘धास्ती’ असे लिहिले गेले की मी उठून एक तरी काम हाती घेत असे, आणि पुढची नोंद बहुतेक वेळा ‘काळजी’ अशी होत असे.

आठवडाभराने वही वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. उजवीकडचे शब्द डावीकडच्या आकड्यांबरोबर चढत-उतरत नव्हते. एका रात्री पाणी तीन तास एकाच पातळीवर स्थिर होते, तरी माझी नोंद ‘धडकी’ अशी होती, कारण त्या वेळी मोबाईलवर कोणीतरी जुन्या पुराची चित्रफीत आजची म्हणून पाठवली होती. उलट पाणी धोका पातळी ओलांडून गेले आणि आम्ही सारे मिळून सामान वर नेत होतो, त्या दुपारची नोंद ‘स्थिर’ अशी आहे. तेव्हापासून पातळी दर तीन तासांनी, तीही प्रशासनाकडून आलेलीच पाहायची आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून घरातल्या एकाने आळीपाळीने जागायचे, असा नियम आम्ही केला. झोप झालेल्या माणसाचे निर्णय चांगले असतात, हे त्या दिवसांत आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

या पत्राचा अर्थ असा मात्र घेतला जाऊ नये की पूरग्रस्तांनी मन शांत ठेवावे आणि गप्प बसावे. ज्याचा ऊस आठ दिवस पाण्याखाली राहून कुजला, ज्याच्या गोठ्यातली जनावरे दावणीलाच गेली, त्याला समतोलाचा उपदेश करणे हे क्रौर्य आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. त्या घरांमधील दुःखाला कोणतीही वही पुरी पडणार नाही. पूररेषेच्या आत बांधकामे कशी उभी राहिली, कर्नाटकातील अलमट्टी धरण आणि आपले कोयना धरण यांच्या विसर्गाचा मेळ वेळेवर का बसत नाही, हे प्रश्न रागानेच विचारले पाहिजेत. तो राग ज्याला विचारायचे त्याच्यापर्यंत पोहोचावा, तो घरातल्या सुनेवर, मुलांवर, निवारा केंद्रात रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसावर खर्च होऊ नये, एवढ्यासाठीच तो आपला आपल्याला ओळखता यायला हवा.

शिवाय काही जखमा स्वतःच्या निरीक्षणाने भरत नाहीत. आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या एक बाई आजही जूनमध्ये पत्र्यावर पावसाचा आवाज झाला की रात्री उठतात आणि कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसतात. पंचनाम्यात भिंत, धान्य आणि जनावर यांची नोंद होते. या जागरणाची होत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मानसिक आधाराविषयी २००९ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तरीही आमच्या भागातील निवारा केंद्रात तांदूळ, चादरी आणि तापाच्या गोळ्या मिळाल्या, परंतु ‘झोप लागते का’ असे विचारणारे कोणी आले नाही. तेवढे विचारण्यासाठी तज्ज्ञच हवा असेही नाही. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका आणि शिक्षक हे काम प्रेमाने करू शकतील, त्यांना पावसाळ्यापूर्वी दोन दिवसांचे प्रशिक्षण मात्र द्यावे लागेल.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. मी त्या बाईंना हा क्रमांक दिला तेव्हा तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. जून ते सप्टेंबर या काळात पाणीपातळीच्या चौकटीत, फूट आणि क्युसेक यांच्या खाली, हा क्रमांक आपण रोज छापावा. ती चौकट आमच्याकडे कात्रीने कापून भिंतीला लावली जाते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
गावभाग, सांगली