खेळणाऱ्याकडे बघण्याचा व्यवसाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेमिंग क्षेत्रातील नोकऱ्यांविषयी जो लेख आला, त्यात प्रोग्रॅमर, ॲनिमेटर, ध्वनिसंयोजक आणि क्यूए टेस्टर यांच्या कामाची माहिती नेटकेपणाने दिली होती. मी गेली सतरा वर्षे ज्या कामात आहे त्या वापरसुलभता संशोधनाची, म्हणजेच रोजच्या बोलण्यात ज्याला युजेबिलिटी रिसर्च किंवा यूएक्स (युजर एक्सपीरियन्स, म्हणजे वापराचा अनुभव) रिसर्च म्हणतात त्याची, बोळवण मात्र एका ओळीत झाली होती आणि ती ओळही ‘गेम खेळण्याचे पैसे मिळतात’ अशी होती. हा समज इतका पक्का झाला आहे की मुलाखतीला येणारे कितीतरी उमेदवार आपण कोणकोणते गेम शेवटपर्यंत खेळलो याची यादीच घेऊन येतात. त्यांची आणि त्यांच्या पालकांची दिशाभूल होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्ही खेळत नाही. दुसरा खेळत असताना बघतो. क्यूए टेस्टर सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालते का ते तपासतो. बटण दाबूनही दार उघडले नाही, तर तो बग नोंदवतो. आमच्यापुढचा प्रश्न असा असतो की दार व्यवस्थित उघडत असले, तरी ते दार आहे हे पहिल्यांदा खेळणाऱ्याला कळते का, कळायला किती वेळ लागतो आणि तोवर त्याचा धीर टिकतो का. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ११व्या भागात वापरसुलभतेची व्याख्या परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन अंगांनी केली आहे. फोटो पाठवण्याच्या किंवा हिशेब ठेवण्याच्या ॲपला ही व्याख्या बहुतांशी पुरते, कारण तिथे अडथळा जितका कमी तितके चांगले. गेममध्ये मात्र अडथळा काढून टाकला तर खेळच उरत नाही. शत्रूला हरवणे अवघड असावे, पण त्याला हरवायचे आहे हे समजणे अवघड असू नये. या दोन अडचणी एकमेकींपासून वेगळ्या काढणे हे आमच्या कामाचे मर्म आहे, आणि ते वाटते त्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे.

एक प्रसंग सांगते. बारा वर्षांचा एक मुलगा आमच्या चाचणीकक्षात नवा गेम खेळत होता. पालकांची लेखी संमती घेतलेली होती, आई शेजारच्या खोलीत बसली होती. दुहेरी उडी कशी मारायची याची सूचना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चार सेकंद दिसत असे आणि नेमक्या त्याच क्षणी डावीकडून पहिला शत्रू चाल करून येत असे. मुलाने शत्रूला उडवले. सूचना त्याने पाहिलीच नाही. पुढची सात मिनिटे तो एका उंच भिंतीवर साधी उडी मारत राहिला. एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेपलीकडे गेमचा डिझायनर उभा होता. मायक्रोफोनवरून त्याने मला दोनदा सुचवले, ‘त्याला सांगा ना, बटण दोनदा दाबायचं.’ मी सांगितले नाही. घरी तो एकटा खेळत असेल तेव्हा त्याच्या शेजारी मी असणार नाही, हे मला ठाऊक होते. एखादे मूल डोळ्यांसमोर अडकलेले असताना हात आवरून बसणे ही या व्यवसायातली पहिली शिकवण आहे आणि सतरा वर्षांनंतरही ती मला जड जाते.

त्याहून महत्त्वाचे पुढे घडले. चाचणी संपल्यावरच्या प्रश्नावलीत मुलाने ‘खेळ समजायला सोपा होता’ या विधानाला सातपैकी सहा गुण दिले आणि निघताना मला म्हणाला, ‘मलाच नीट जमलं नाही.’ डिझायनरने त्याच संध्याकाळी सूचना शत्रू मेल्यानंतर दाखवण्याचा बदल केला. दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलांपैकी त्या भिंतीपाशी कोणीही अडकले नाही. नुसती प्रश्नावली पाहिली असती, तर ही अडचण आम्हाला कधीच कळली नसती.

माणसे दोष स्वतःकडे घेतात. वयस्कर लोक तर ॲपमध्ये भरलेला अर्ज चुकून पुसला गेला की आमचीच माफी मागतात. म्हणूनच प्रत्येक चाचणीच्या आरंभी ‘परीक्षा तुमची नाही, या वस्तूची आहे’ हे वाक्य आम्ही म्हणतो, आणि ते मनापासून म्हणावे लागते. या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यावर काही वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. अहवालात ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद होई. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की या दोन कामांच्या कळी शेजारीशेजारी आणि अगदी सारख्या आहेत. त्याने चाकांच्या कळीला रबरी चाक आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवला, आणि हाताला न बघताही फरक कळू लागला. आमच्या विद्येचे एक मूळ त्या रबरी चाकात आहे, असे मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते.

लेखात नमुन्याच्या आकाराविषयी, म्हणजे चाचणी किती जणांवर घ्यावी याविषयी, काहीच नव्हते, आणि नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत तिथेच होते. जेकब नीलसन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. त्या हिशेबाने पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हे प्रारूप सरासरीवर बेतलेले आहे आणि ‘लोक कुठे अडतात’ एवढ्याच प्रश्नाला लागू पडते. ‘किती जणांना गेम आवडला’ किंवा ‘तिसरी पातळी दुसरीपेक्षा अवघड वाटते का’ असे विचारायचे असेल, तर पाच जणांवरून काहीही बोलू नये. तिथे मोठा गट, नीट घडवलेली प्रश्नावली आणि संख्याशास्त्र लागते. मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेमच्या शिकवणी-भागावर वापरलेली आणि २००२ साली मांडलेली ‘राइट’ (रॅपिड इटरेटिव्ह टेस्टिंग अँड इव्हॅल्युएशन) ही पद्धत तिसऱ्याच गरजेतून आली: कारण स्पष्ट असेल तर एकाच खेळाडूच्या अडचणीनंतरही दुरुस्ती करायची आणि पुढच्या खेळाडूपुढे दुरुस्त रूप ठेवून ती लागू पडली का ते बघायचे. प्रश्न कोणता आणि पद्धत कोणती याची जोडी जमवता येणे हेच या व्यवसायातले खरे प्रावीण्य मानावे.

त्यामुळेच या कामासाठी संगणक अभियांत्रिकीची पदवी असलीच पाहिजे, हा समज मला चुकीचा वाटतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा यांतून आलेल्या अनेकांनी माझ्यासोबत उत्तम काम केले आहे. भाषेचा अभ्यास केलेल्यांचा मी मुद्दाम उल्लेख करते, कारण ‘हे बटण तुम्हाला गोंधळात टाकते का?’ आणि ‘हे बटण दाबल्यावर काय होईल असे वाटते?’ यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. पहिला प्रश्न उत्तर तोंडात घालतो. शिवाय अर्धे काम लिहिण्याचे आहे: चाळीस पानांचा अहवाल कोणी वाचत नाही, पहिल्या पानावर पाच अडचणी, त्यांची तीव्रता आणि प्रत्येकीसाठी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत असेल, तरच टीम हलते.

या व्यवसायाची दुखरी बाजूही तरुणांनी जाणून घ्यावी. संशोधकाला उशिरा बोलावले जाते. एका कंपनीने प्रकाशनाला तीन आठवडे उरलेले असताना आम्हाला चाचणी करायला सांगितली. आम्ही मूळ रचनेतल्या अडचणी दाखवल्या, सर्वांनी त्या मान्य केल्या आणि वेळ नाही म्हणून गेम तसाच बाजारात गेला. जे बदलताच येणार नाही ते शोधण्यात गेलेले ते दिवस मला अजून सलतात. आणखी एक गोष्ट: लोक कुठे चुकतात हे जाणणारा माणूस त्यांना मुद्दाम चुकवूही शकतो. सदस्यत्व रद्द करण्याचे बटण कुठे लपवले तर सापडणार नाही, असा प्रश्न कोणी विचारला, तर नकार देण्याची तयारी हवी. मी तो दिला आहे.

ज्यांना या वाटेने यायचे आहे, त्यांनी महागड्या अभ्यासक्रमाच्या आधी एवढे करून बघावे. कोणताही एक गेम किंवा ॲप घ्यावे, तो कधीही न वापरलेली पाच माणसे गाठावीत, त्यांची परवानगी घ्यावी, मनात येईल ते मोठ्याने बोलत वापरायला सांगावे आणि आपण गप्प बसावे. कोण काय म्हणाले आणि त्याच वेळी त्याचा हात कुठे गेला, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावे. आपला तर्क तिसऱ्या रकान्यात. मुलाखतीला येताना ती वही बरोबर आणावी. प्रमाणपत्रांची फाइल बाजूला ठेवून मी आधी तीच उघडते, आणि तिसरा रकाना पहिल्या दोहोंपेक्षा मोठा नाही ना, ते बघते.

आपली नम्र,
एक वापरसुलभता संशोधक