शंका आणि 'डाउट'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'संशोधन' म्हणजे मराठीत रिसर्च आणि हिंदीत कायद्यातली दुरुस्ती, हे नागपुरातल्या शाळकरी पोट्ट्यालाही ठाऊक असते. 'शिक्षा विभाग' वाचून इथे कुणी दचकत नाही. १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहराला दोन भाषांतल्या अशा फसव्या शब्दांची सवयच आहे. पण इंग्रजी लिहायला बसलो की ही हुशारी कुठे जाते, कोण जाणे!

मिहान असो की बुटीबोरी, नागपूरच्या या औद्योगिक भागांतून परदेशी ग्राहकाला ड्रॉइंगबद्दल काही विचारायचे तर आपले इंजिनीअर 'आय हॅव अ डाउट' लिहून मोकळे होतात. मनात असते वर्गात हात वर करून विचारतात तशी साधी शंका. वाचणाऱ्याला मात्र वाटते, यांचा आपल्या ड्रॉइंगवर विश्वासच नाही. 'क्वेश्चन' लिहिले असते तरी भागले असते. 'प्लीज रिव्हर्ट'चेही तेच. आपल्या मते त्याचा अर्थ 'उत्तर पाठवा'. सॉफ्टवेअरवाल्याच्या मते, 'केलेला बदल मागे घ्या'.

हे निदान एका फोनवर निस्तरते. खरा घोटाळा 'शूड'चा. 'व्हॉल्व्ह बंद करावा' हा मराठीत हुकूमही असतो आणि सल्लाही, आणि आपण दोन्हीकडे सरसकट 'शूड' लिहितो. आयएसओची आंतरराष्ट्रीय मानके काय किंवा आपली भारतीय मानके काय, तिथे 'शॅल' म्हणजे बंधनकारक आणि 'शूड' म्हणजे केलेले बरे. बॉयलरच्या सूचनापत्रकात 'शॅल'च्या जागी 'शूड' पडले, तर उद्या कंत्राटदार खुशाल म्हणेल, सल्ला होता, नाही ऐकला. कागदावर तो खोटाही ठरणार नाही.

विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी युरोपातल्या विमान उद्योगाने १९८०च्या दशकातच मोजक्या शब्दांची सोपी इंग्रजी ठरवून घेतली. त्यात 'फॉलो' म्हणजे मागून येणे, एवढेच. सूचना पाळायची असेल तर 'ओबे' लिहायचे. विमान देखभालीचे केंद्र मिहानमध्येच आहे, म्हणजे हे शिकवू शकतील अशी माणसे फार लांब शोधायला नकोत.

आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या तासाला मात्र अजूनही प्राचार्यांना रजेचा अर्ज लिहवून घेतात. त्याऐवजी पोरांना एखादा पंप सुरू करण्याची पद्धत इंग्रजीत लिहायला द्या, आणि 'शॅल' कुठे, 'शूड' कुठे, हे पाहून गुण द्या.

आपला,
एक निवृत्त इंजिनीअर, धंतोली, नागपूर